अनुसूयाबाईंचं वेटोळं

झाशीच्या रेल्वे कारखान्यात एक बाई इंजिनांच्या मोटरी भरायच्या. मोटर भरणं म्हणजे तिच्या पोटातलं जळकं तांबं उपसून काढायचं आणि नवी तार वेढ्यामागून वेढा घालत बसवायची. काम अवजड, हात काळे करणारं, आणि एक वेढा सैल राहिला तरी माळरानात गाडी उभी करणारं. या बाईंचं नाव अनुसूया करंबेळकर.

त्यांचे वडील विठोबा भुसावळहून बदली होऊन झाशीला आले. मोटरी भरणाऱ्या त्याच आर्मेचर सेक्शनला ते मिस्त्री होते. एकोणसत्तर साली ते नोकरीत असतानाच गेले, आणि घरात दुसरं कमावतं कोणी नाही म्हणून रेल्वेने त्यांच्या एकोणीस वर्षांच्या थोरल्या मुलीला खलाशी, म्हणजे हरकाम्या मदतनीस, म्हणून कामावर घेतलं. पहिलं वर्ष तिने फक्त झाडू मारला आणि चहा आणला. दुसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या मिस्त्रीची नजर तिच्या बोटांकडे गेली. तिच्या हातातली तार कधी वळत नसे, कधी दुमडत नसे. जिथे ठेवली तिथे निमूट बसे. पंचाण्णव साल उजाडेपर्यंत सेक्शनमधली सगळ्यात नाठाळ मोटर त्यांच्याच टेबलावर येऊ लागली होती. बरोबरचे बुंदेलखंडी कामगार त्यांना जिज्जी म्हणत, म्हणजे थोरली बहीण. भरलेल्या मोटरीवर जिज्जींनी बोटाच्या पेराने टकटक केलं आणि मान हलवली, की ती मोटर पास.

त्यांचे यजमान मधुसूदनराव झाशीच्या जुन्या मराठी घरातले. स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसायचे. बावीस वर्षं त्या खिडकीत बसून त्यांना अख्खं टाइमटेबल पाठ झालेलं. मऊरानीपुरला जाणारी पॅसेंजर किती वाजता, भोपाळहून येणारी कुठवर आली, कुठली गाडी डबऱ्याला थांबते आणि कुठली नाही, हे पुस्तकात न बघता सांगायचे. बोलण्याचा मोठा शौक. घरी आल्यावरही तोंडाला खंड नसे, आणि अनुसूयाबाई लटक्या रागाने म्हणत, "अहो, खिडकी बंद झाली आता."

एक्याण्णवच्या मार्चमध्ये, सकाळी अंघोळीला जाताना, ते दारातच कोसळले. उजवी बाजू लुळी पडली. तीन महिन्यांत पाय आला, हातही बराचसा आला. वाचा मात्र आली नाही. समजत सगळं होतं. पाणी हवं असेल तर माठाकडे बोट करत, आणि तोंडातून नुसतं "हे... हे..." असं यायचं. मुलगी भानुमती ग्वाल्हेरला दिलेली. ती आली की तिच्याकडे बघून ओठ हलवत, नाव काही निघत नसे, आणि मग भिंतीकडे तोंड फिरवून बसत. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, आणि बोलणं तिथेच असतं.

"मग ते गेलं कुठे?" अनुसूयाबाईंनी विचारलं होतं.

डॉक्टर भले गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, ते आत डोकावून बघता आलं असतं तर सांगितलं असतं."

पंचाण्णवच्या डिसेंबरात सेक्शनचे निवृत्त फोरमन गोपाळराव यांचा निरोप आला. सदर बाजारामागे त्यांचं घर. "अनुसूयाबाई, जरा येऊन जा. एक वस्तू दाखवायची आहे."

दिवाणखान्यात गोपाळरावांची भाची बसली होती. कांचन तिचं नाव. गुरसरायच्या जुन्या मराठी घरातली, वय चाळिशीच्या आतलं, दिल्लीच्या एका सरकारी प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ. नात्यातल्या एका लग्नाला म्हणून झाशीला आली होती. तिच्यासमोर दिवाणावर, चादरीत गुंडाळलेलं, डोकं आत जाईल एवढ्या तोंडाचं एक पोकळ पिंप होतं. काचतंतूचं, आणि त्यावर तांब्याची तार बसवलेली.

"काकू, माझी मराठी जरा गडबड आहे हं," कांचन म्हणाली. "समजतं सगळं, बोलताना हिंदी घुसते."

"घुसू दे. माझ्यात बुंदेली घुसते."

कांचनने सांगितलं ते असं. दिल्लीत त्यांच्याकडे एक मोठं चुंबक होतं, माणूस आडवा आत सरकेल एवढं. माणसाच्या अंगात पाणी असतं, आणि पाण्याचा प्रत्येक कण म्हणजे एक इवलासा चुंबक. मोठ्या चुंबकात गेलं की ते सगळे एका रांगेत उभे राहतात. त्यांना रेडिओच्या लहरीने हलकेच धक्का दिला की ते उलट उत्तर देतात. त्या उत्तरांवरून आतलं चित्र निघतं. हाड कापायला नको, क्ष-किरण नकोत.

"पण सगळेच एकदम बोलले तर कोण कुठून बोललं ते कळणार कसं?" कांचन म्हणाली. "त्यासाठी हे वेटोळं. हे मोठ्या चुंबकाचा जोर इकडे थोडा वाढवतं, तिकडे थोडा कमी करतं. त्या फरकावरून एकेका जागेचा पत्ता लागतो. मशीनबरोबर आलेलं वेटोळं सगळ्या अंगासाठी आहे, ते मोठं आणि संथ. मेंदू काम करत असताना त्याची चित्रं घ्यायची तर दोन-तीन सेकंदांत अख्खा मेंदू टिपायला हवा. म्हणून फक्त डोक्यापुरतं, छोटं आणि चपळ असं आम्हीच बनवतोय. दोन बनवली. दोन्ही तुटली."

अनुसूयाबाईंनी ते पिंप मांडीवर घेतलं. तारेची नक्षी बघून त्यांना आश्चर्य वाटलं. मोटरीत वेढे सरळ जातात. इथे ते अंगठ्याच्या ठशासारखे आतून बाहेर फिरत गेले होते. असे आठ ठसे. त्यांनी सवयीने पेराने टकटक केलं. मग चार बोटं सोडून परत. मग कान लावला.

"याच्या भिंतीत पोकळी आहे," त्या म्हणाल्या.

"पोकळी कशी? तारेवर राळ ओतून भरलीय पूर्ण."

"भरली असेल. मधे हवा राहिली. इथे, इथे, आणि इथे." त्यांनी खडूने तीन गोल काढले. मग तारेचं टोक जिथे बाहेर येत होतं तिथे बोट ठेवलं. "आणि तुटलं ते इथेच ना?"

कांचन त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तार ताठ ओढून डाख दिलाय. तार थरथरली की ताठ जोडच आधी जातो. तिला थोडी कमान द्यायला हवी होती. आणि जाणारी तार एका बाजूने, येणारी दुसऱ्या बाजूने, असं का ठेवलंय? चुंबकात दोघींना वेगवेगळीकडे ओढ बसणार. गळ्यात गळा घालून बांधल्या की एकीची ओढ दुसरी खाते. इंजिनात आम्ही तसंच करतो."

कांचनने पर्समधून वही काढली, एक पान उघडलं. त्यावर बाणच बाण आणि आकडे होते. "मी हेच गणित केलं होतं," ती हळूच म्हणाली. "कागदावर दोन्ही तारा जवळच होत्या. बनवणाऱ्याने शेवटचे चार इंच मोकळे सोडले, आणि माझं तिकडे लक्षच गेलं नाही."

गोपाळराव मिशीत हसले. "म्हणूनच बोलावलं यांना."

तिसरं वेटोळं अनुसूयाबाईंनी भरायचं ठरलं. कारखान्यात ते शक्य नव्हतं. तिथल्या हवेतच लोखंडाची भुकटी, आणि या वस्तूत लोखंडाचा कणसुद्धा गेला तर चित्र बिघडणार. मग त्यांनी दीड महिन्याची रजा टाकली आणि रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरची पुढची खोली रिकामी केली. भिंती पुसल्या, पलंग बाहेर काढला, लोखंडी खुर्चीसुद्धा शेजारी नेऊन ठेवली. दिल्लीहून खाचा पाडलेलं नवं पिंप आलं, तार आली. हातोडी लाकडी, पाचरी वेळूच्या. पहाटेचं आवरून, केस पदराखाली घट्ट बांधून त्या नऊ वाजता बसत. मधुसूदनराव दारातल्या चटईवर बसून बघत.

पहिला ठसा बावीस वेढ्यांचा. तार खाचेत दाबायची, हातोडी हलकेच टेकवायची, पुढे सरकायचं. एक वेढा पुरा झाला की अनुसूयाबाई मोठ्याने आकडा म्हणत, म्हणजे चूक होत नसे. "एक." बराच वेळ नुसती टकटक. "दोन." पुन्हा टकटक. "तीन."

आठव्या वेढ्याला तार खाचेतून उसळली. एक पाचर दाताखाली धरून दुसरीने ती सारखी करण्यात त्या गुंतल्या, तोंड मोकळं नव्हतं. वेढा पुरा झाला.

"आठ," दारातून आवाज आला.

अनुसूयाबाईंच्या तोंडातली पाचर खाली पडली. पावणेपाच वर्षांत त्या आवाजाने एकही शब्द उच्चारला नव्हता. त्यांनी वळून बघितलं. मधुसूदनराव स्वतःच चकित होऊन स्वतःच्या ओठांना हात लावत होते.

"काय म्हणालात?"

"हे... हे..." ते म्हणाले.

"किती झाले? किती वेढे झाले, सांगा ना!"

"हे..." डोळे भरून आले त्यांचे.

अनुसूयाबाईंच्या लक्षात काहीतरी आलं, पण ते काय हे त्यांना धड सांगता आलं नसतं. त्या परत पिंपाकडे वळल्या आणि सुरुवातीपासून, मधे न थांबता, म्हणू लागल्या, "एक, दोन, तीन, चार..." पाचपासून दुसरा आवाज मिसळला. "पाच, सहा, सात, आठ, नऊ..." त्या थांबल्या. तो थांबला नाही. जडशीळ, घोगरा, पण रांगेने पुढे जात राहिला, बावीसला पोचला, बावीस ओलांडून तिसांपर्यंत गेला, आणि मग दमला.

त्या दिवशी काम पुढे झालं नाही. दोघं चटईवर बसून नुसते मोजत राहिले. एकटा आकडा विचारला की येत नसे. रांगेत असला की येई. सात म्हणायचं तर एकापासून चालत जावं लागे. सातवर उडी मारता येत नसे. पुढच्या चोवीस दिवसांत सगळे ठसे भरून झाले, आणि प्रत्येक वेढा मधुसूदनरावांनी मोजला. सात विसरला तर एकापासून परत.

वेटोळं दुलईत गुंडाळून, मांडीवर घेऊन अनुसूयाबाई सकाळच्या गाडीने दिल्लीला गेल्या. राळ त्यांनी स्वतःसमोर भरून घेतली. प्रयोगशाळेतल्या तरुण इंजिनियरांना दोन तासांत आटपायचं होतं. त्यांनी आठ तास लावले. हवा खेचणारा पंप मधेच थांबवायला लावत, राळ बसू देत, परत चालू करायला लावत. सुकल्यावर पिंपाभोवती फिरून पेराने शंभर ठिकाणी ठोकलं. सगळीकडून एकच भरीव आवाज आला तेव्हा म्हणाल्या, "आता लावा."

चाचणीच्या दिवशी कांचनने त्यांना काचेमागे उभं केलं. यंत्र सुरू झालं आणि भिंतीपलीकडून जो दणदणाट उठला त्याने अनुसूयाबाई एक पाऊल मागे सरकल्या. कोणी मालगाडीच्या रिकाम्या वाघिणीवर घण मारत असावं तसा. "हा आवाज तुमच्या वेटोळ्याचा," कांचन ओरडून म्हणाली. "वीज एका सेकंदात शेकडो वेळा दिशा बदलते, आणि दर वेळी तार पळायला बघते." चाळीस मिनिटांनी आधीची दोन्ही तुटली होती. चाळीस झाली, साठ झाली, दोन तास झाले. तीन तासांनी कांचनने यंत्र बंद केलं, खुर्चीत बसली, आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

"आता आत माणूस हवा," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली.

"मी जाते," अनुसूयाबाई म्हणाल्या. "मी भरलंय. तुटलं तर माझ्याच डोक्यावर तुटू दे."

सव्वीस वर्षं धातूत काम केलेल्या माणसाला सहज आत सोडत नाहीत. डोळ्यात कधी लोखंडाची कणी उडून बसलेली असली तर चुंबक ती ओढेल, म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला. तो निर्मळ निघाला. मग मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली. नाकातली चमकी लग्नापासून निघालेली नव्हती. साबण लावून अर्धा तास खटपट केल्यावर ती सुटली. आरशात त्यांना आपलं नाक परक्यासारखं वाटलं.

फळी आत सरकली. वेटोळं डोक्याभोवती आलं. त्यांच्या हातच्या खाचा, त्यांच्या हातची तार, नाकापासून वीतभर अंतरावर. कानांत कापूस घातला होता तरी दणदणाट हाडांतून आला. पहिली दोन मिनिटं त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मग कान आपोआप कामाला लागले. एका बाजूने सुरुवात करून त्या ठशामागून ठसा ऐकत गेल्या, पास करायच्या मोटरीसारखा. एकही तार हलत नव्हती. भीती गेली आणि त्यांना आत चक्क स्वस्थ वाटू लागलं.

सूचना सोप्या होत्या. समोरच्या आरशात हिरवा दिवा दिसला की उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला टेकवायची. लाल दिसला की थांबायचं. असं बऱ्याच वेळा झालं. शेवटी कांचनचा आवाज आला, "काकू, आता हिरवा दिवा लागला की हात अजिबात हलवायचे नाहीत. नुसतं मनात वेटोळं भरायचं. तार, खाच, हातोडी, सगळं मनात."

हिशोब करायला संगणकाला संध्याकाळ झाली. पडद्यावर करड्या रंगाचं एक चित्र आलं, फुलकोबीचा गड्डा मधोमध चिरल्यासारखं.

"हा तुमचा मेंदू," कांचन म्हणाली.

अनुसूयाबाईंनी नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला. आपल्या आत हे होतं, पंचेचाळीस वर्षं, आणि आपण ते पहिल्यांदा बघतोय. त्या घड्या, त्या वळ्या. कुणी इतक्या घड्या घालून एवढंसं बसवलं असेल? खाचेत तार बसवणाऱ्या बाईला त्या बसवण्याचं कसब कळलं, आणि ते कळून अंगावर काटा आला.

कांचनने एक कळ दाबली. वरच्या बाजूला एका घडीवर लालसर ठिपका उमटला. "मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे ताजं रक्त धावतं. स्टेशनात गाडी लागली की सगळे हमाल त्या प्लॅटफॉर्मकडे धावतात ना, तसं. ताज्या रक्ताचं आणि शिळ्या रक्ताचं चुंबकाशी वागणं वेगळं असतं, म्हणून यंत्राला ते दिसतं. ही जागा तुमच्या उजव्या हाताच्या बोटांची. उजवा हात डाव्या बाजूने चालतो."

"एवढीशी?"

"एवढीशी. आणि हे दुसरं बघा. हात न हलवता नुसतं मनात काम केलंत तेव्हाचं." त्या ठिकाणी लालसर छटा होती, फिकी, पण तिच्या पुढच्या घड्यांवर दुसरे ठिपके लख्ख पेटलेले होते.

"हात तर पोटावर होते माझे," अनुसूयाबाई म्हणाल्या.

"होते. मी काचेतून बघत होते. बोटसुद्धा हललं नाही."

मनातली गोष्ट मनातच राहते असं अनुसूयाबाईंना वाटत आलं होतं. तिला जागा असते, तिथे रक्त धावून येतं, आणि त्याचा पत्ता तांब्याच्या वेढ्यांना लागतो! त्यांना देवासमोर उभं राहिल्यासारखं झालं, आणि तेवढंच लाजल्यासारखंही. मग त्यांनी विचारलं, "कांचनताई, यांना आणू का एकदा?" आणि वेढे मोजण्याची सगळी हकीकत सांगितली. कांचन ऐकता ऐकता खुर्ची पुढे ओढून बसली.

मधुसूदनरावांना त्यांनी घरी जाऊन सगळं समजावलं. नको असेल तर नको, असंही म्हणाल्या. त्यांनी उठून स्वतःच ट्रंकेतून स्वेटर काढला.

फेब्रुवारीतली सकाळ. गाडीने झाशी सोडली, आणि खिडकीशी बसलेल्या मधुसूदनरावांचे ओठ हलू लागले. आधी अनुसूयाबाईंना वाटलं, मोजताहेत. त्यांनी कान जवळ नेला.

"करारी," ते म्हणत होते. "दतिया. सोनागिर. डबरा. आंतरी. ग्वाल्हेर. मुरैना. धौलपूर. आग्रा. मथुरा."

गाडी अजून करारीलाही पोचली नव्हती. समोर बसलेला एक प्रवासी म्हणाला, "बाबूजी को तो पूरी लाइन रटी हुई है." अनुसूयाबाईंनी मान हलवली आणि यजमानांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. बावीस वर्षं खिडकीत बसून म्हटलेली नावं. ती कुठेच गेली नव्हती. एकमेकींचं बोट धरून आत रांगेत उभी होती, पहिलीला बाहेर पडायची वाट सापडली की मागून सगळ्या येत होत्या.

प्रयोगशाळेत त्यांना सांगितलं, हिरवा दिवा लागला की झाशी ते मथुरा मनात म्हणा, ओठ हलवू नका. लाल लागला की थांबा. ते आत पाऊण तास निश्चल पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी तिघं पडद्यासमोर बसले. मधुसूदनरावांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर, काळं तळं होतं. घड्या नव्हत्या, काही नव्हतं. पाच वर्षं अनुसूयाबाई ज्याला रुसवा, हट्ट, कधी कधी आळससुद्धा म्हणत आल्या होत्या, ते हे तळं. बाहेरून दिसत नव्हतं म्हणून त्यांनी यजमानांना किती वेळा म्हटलं होतं, "अहो, जरा प्रयत्न तरी करा."

मग कांचनने कळ दाबली. तळ्याच्या बरोबर समोर, उजव्या बाजूला, एक ठिपका पेटला. त्याच्याखाली आणखी एक.

"हे काय?"

"स्टेशनं म्हणताना इथे रक्त धावलं."

"म्हणजे शब्द पलीकडे राहायला गेले?"

कांचन खुर्चीसह त्यांच्याकडे वळली. "काकू, खरं सांगू? मला माहीत नाही. कदाचित आधीपासून तिथे काही असेल आणि आता त्याला वाव मिळाला असेल. कदाचित दुसरंच काही असेल. एका माणसावरून ठरवता येत नाही. जगात हे नीट सांगू शकेल असं आज कोणीच नाही. पण दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारायलासुद्धा वाट नव्हती."

मधुसूदनराव पुढे झुकले होते. त्यांनी बोट काळ्या तळ्यावर ठेवलं आणि अनुसूयाबाईंकडे बघितलं. बघा, असं ते डोळ्यांनी म्हणत होते. रागाने नव्हे, सुटल्यासारखे. मग बोट सरकवत, सगळा मेंदू ओलांडत, त्यांनी त्या ठिपक्यावर नेलं आणि तिथेच ठेवून दिलं.

अनुसूयाबाई खुर्चीवरून उठल्या आणि कांचन बघत असताना, दिल्लीच्या त्या खोलीत, यजमानांच्या पाया पडल्या. "चुकलं माझं," एवढंच म्हणाल्या.

वाचा पूर्ववत झाली नाही. पण रांगेची युक्ती दोघांनी घरात लावून घेतली. गुरुवार सांगायचा तर रविवारपासून निघायचं. नात्यातल्या सगळ्यांची नावं अनुसूयाबाईंनी वयाप्रमाणे माळेत ओवली आणि रोज सकाळी दोघं ती म्हणत. जूनमध्ये मुलगी माहेरी आली तेव्हा ते थोरल्या काकांपासून सुरू झाले, सात नावं पार केली, आणि आठवं म्हणाले, "भानुमती." पोरीने दारातच बॅग टाकली.

ते वेटोळं पाच वर्षं चाललं. त्यातून दोनशेच्या वर माणसांची डोकी गेली. कोणी गाणारी, कोणी आंधळी, कोणी मधुसूदनरावांसारखी अबोल झालेली. नंतर नवं यंत्र आलं. कांचनने छापलेल्या लेखाच्या शेवटी आभारात एक नाव होतं, ए. करंबेळकर, झाशी. परदेशातून एकाने पत्र पाठवून विचारलं होतं की हे डॉक्टर करंबेळकर कुठल्या विद्यापीठात असतात.

पण ही सगळी पुढची गोष्ट. दिल्लीहून परतल्यावर सोमवारी अनुसूयाबाई कामावर गेल्या तेव्हा जेवणाच्या सुट्टीत अख्खं सेक्शन त्यांच्या टेबलाभोवती जमलं. डबे उघडलेले, हात काळे.

"जिज्जी, का देख आईं उतै?" एकाने विचारलं. काय बघून आलात तिथे?

त्यांनी सांगितलं. घड्यांचं सांगितलं, धावणाऱ्या रक्ताचं सांगितलं. बोटं हलवली की ठिपका कुठे उमटतो ते आपल्या डोक्यावर बोट टेकवून दाखवलं, आणि हात स्वस्थ ठेवून नुसतं मनात काम केलं तरी आत काय पेटतं तेही सांगितलं. बाहेर यार्डात इंजिन शंटिंग करत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

तीस वर्षं घण चालवलेला एक दणकट गडी बराच वेळ स्वतःच्या उजव्या पंज्याकडे बघत राहिला. मग त्याने तो पंजा हळूच उचलून डोक्याच्या डाव्या बाजूला लावला, ताप बघावा तसा. त्याचं बघून दुसऱ्याने लावला. मग तिसऱ्याने. भाकरी डब्यांत तशाच राहिल्या, आणि आर्मेचर सेक्शनची अकरा माणसं आपापल्या डोक्यावर हात ठेवून, बोटं हलवत उभी राहिली.